रूपक जिथे अडतं, तिथून लिहायला लागा : वर्गात मुलांना लिहितं करण्याची एक रीत

'आई म्हणजे मायेचा सागर.' 'पुस्तक म्हणजे खरा मित्र.' 'वेळ म्हणजे पैसा.' रूपक वापरून एखादं वाक्य लिहा असं वर्गाला सांगितलं, की बहुतेक वह्यांत ही तीन वाक्यं आलटूनपालटून सापडतात. मुलांचा यात दोष नाही. आपण रूपक शिकवतो ते व्याख्या, एक उदाहरण आणि 'पुढील ओळीतील अलंकार ओळखा' अशा क्रमाने. ओळखायला शिकलेलं मूल ओळखीचंच लिहिणार.

बरीच वर्षं मीही तसंच शिकवलं. मग हळूहळू लक्षात आलं, की छान रूपक सुचलं म्हणून मुलं फारशी लिहीत नाहीत. 'रुसवा म्हणजे कुलूप' एवढं सुचलं, हसू आलं, शेजाऱ्याला दाखवलं, संपलं. पण 'रुसवा कुलपासारखा कुठे नाही?' असं विचारलं, की मूल थांबतं, खिडकीबाहेर बघत राहतं, आणि मग जे लिहितं ते त्याचं स्वतःचं असतं. रूपक अडतं त्या जागेपर्यंत मुलांना कसं न्यायचं, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगते. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर साधारण सहा तासिका लागतात. पाचांत बसवता येतं, तीनांत मात्र बसवू नका. घाई केली, की पुन्हा मायेचा सागर येतो.

आधी शिक्षकाची तयारी

व्याख्या मुलांना पहिल्या दिवशी द्यायची नाही, पण आपल्या मनात ती पक्की हवी. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय, ज्याच्याशी त्याची सांगड घालायची ते उपमान. 'सारखा', 'जसा', 'प्रमाणे' आले की उपमा. 'जणू', 'भासे', 'गमे' आले की उत्प्रेक्षा. रूपकात हे शब्दच गळून पडतात. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात ते नेमकं सांगितलं आहे : 'तद्रूपकमभेदो य उपमानोपमेययोः', म्हणजे उपमान आणि उपमेय यांच्यातला अभेद म्हणजे रूपक. इंग्रजीत या दोन अंगांना नेमकी नावं देण्याचं काम समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ मध्ये केलं. 'उपमान' हा शब्द तर पाणिनीच्या सूत्रांतच आहे. इतकी जुनी, घासून लख्ख झालेली हत्यारं आपल्याकडे आहेत, ती वर्गात जरूर वापरावीत. फक्त हत्याराचं नाव सांगण्याआधी ते हातात देऊन बघावं.

दुसरी तयारी अधिक महत्त्वाची. हा सगळा क्रम आधी स्वतः एकदा करून पाहा, कागदावर, वेळ लावून. कुठे कंटाळा येतो आणि कुठे भीती वाटते हे कळल्याशिवाय मुलांना धीर देता येत नाही.

पहिली तासिका : झोपलेली रूपकं

फळ्यावर लिहा : करवतीचे दात, टेबलाचे पाय, नदीचं मुख, घड्याळाचे काटे, कान तुटलेला कप. विचारा, करवत काही खाते का? कपाला ऐकू येतं का? मुलं हसतात आणि आपणहून यादी वाढवतात. पाच-सात मिनिटांत फळा भरतो.

मग शरीरावरून मनाकडे वळा. मन काय काय करतं? भरून येतं, मोकळं होतं, मोडतं, उडतं, रमतं, भरकटतं, विटतं. कोणी मनात बसतं, कोणी मनातून उतरतं. आता मुलांना गट पाडायला सांगा. भरून येणारं आणि मोकळं होणारं मन म्हणजे भांडं. मोडणारं मन म्हणजे ठिसूळ वस्तू. उडणारं आणि भरकटणारं मन म्हणजे पाखरू. आपण रोज बोलताना मनाला तीन-चार वेगळ्या गोष्टी मानत असतो आणि त्याचा पत्ताही नसतो, हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये हाच मुद्दा विस्ताराने मांडला. रूपक कवितेपुरतं नसतं, आपला रोजचा विचारच त्यावर उभा असतो. मुलांना ही नावं सांगायची गरज नाही. त्यांनी फळ्यावर ते स्वतः शोधून काढलेलं असतं.

शेवटची दहा मिनिटं रागाला द्या. राग चढतो, भडकतो, धुमसतो, उकळतो, थंड होतो, रागाचा पारा वर जातो. सगळं विस्तवाचं आणि उष्णतेचं. आता विचारा : राग नेहमी गरमच असतो का? कोणाचा राग गार असतो का? एकदा एका मुलीने सांगितलं, 'माझ्या मामाचा राग फ्रिजसारखा आहे. बाहेरून काहीच कळत नाही, दार उघडलं की कळतं.' भाषेने दिलेल्या तयार रूपकाला तिने नकार दिला होता. तासिका तिथेच थांबवली. गृहपाठ काही देऊ नये.

दुसरी तासिका : नुसतं पाहणं

या तासिकेत रूपक पूर्णपणे बंद. चार-चार मुलांच्या गटाला एक वस्तू द्या : कुलूप, छत्री, खोडरबर, कात्री, मेणबत्ती, दोरीची गाठ. प्रत्येकाने तिच्याबद्दल पंधरा खऱ्या गोष्टी लिहायच्या. 'सारखं' हा शब्द चालणार नाही. 'सुंदर', 'उपयुक्त', 'चांगलं' हेही चालणार नाहीत. डोळ्याला, हाताला, कानाला, नाकाला जे कळतं किंवा वापरून जे माहीत आहे तेवढंच.

पहिल्या सहा गोष्टी दोन मिनिटांत होतात. गोल आहे, लोखंडी आहे, जड आहे, भोक आहे. मग वर्ग कुरकुरतो, 'झालं की!' म्हणतो. इथे शिक्षकाने गप्प राहायचं आणि फक्त घड्याळाकडे बघायचं. नवव्या-दहाव्या गोष्टीपासून मुलं खरोखर बघू लागतात. कुलपाच्या गटातून मिळालेली यादी पाहा : हातात धरलं की आधी गार लागतं, मग हाताइतकं कोमट होतं. बंद करताना खट्ट आवाज येतो, उघडताना वेगळा. लहान असलं तरी मोठं दार अडवतं. नुसतं अडकवून ठेवलं तर लांबून बंदच वाटतं. आणि एकाने लिहिलं होतं, 'बंद करायला किल्ली लागत नाही, दाबलं की झालं. उघडायला मात्र लागते.'

ही शेवटची ओळ वाचल्यावर मला कळलं की पुढच्या दोन तासिकांची सोय झाली. रूपकाची ताकद उपमानाच्या तपशिलात असते, आणि तपशील नसलेलं मूल नाइलाजाने सागराकडे वळतं. याद्या जपून ठेवा.

तिसरी तासिका : दोन पेट्या

एका पेटीत हाताला न लागणाऱ्या गोष्टींच्या चिठ्ठ्या, दुसरीत कालच्या वस्तूंच्या. प्रत्येक मुलाने दोन्हींतून एकेक उचलायची आणि 'अमुक म्हणजे तमुक' असं वाक्य मोठ्याने वाचायचं.

पहिल्या पेटीत काय टाकायचं यावर बरंच अवलंबून असतं. प्रेम, मैत्री, आई, जीवन, वेळ हे शब्द टाकू नयेत. त्यांची वाक्यं भिंतींवर आधीच लिहिलेली असतात. रुसवा, कंटाळा, गुपित, उशीर, हेवा, वाट पाहणं, विसरणं, माफी, शाळेतला पहिला दिवस, एखादं नाव आठवता आठवता राहून जाणं हे शब्द चांगले. मुलं ते रोज भोगतात, पण त्यावर निबंध कोणी लिहायला सांगितलेला नसतो. वस्तूंच्या पेटीतूनही चंद्र, फूल, दिवा, वादळ वगळा. त्यांच्याकडे पुढे कधीतरी जाता येईल, सुरुवात त्यांच्यापासून नको.

चिठ्ठ्या डोळे मिटून का उचलायच्या, असं मुलं विचारतातच. निवड करायला मिळाली की मन सगळ्यात जवळची जोडी निवडतं, आणि जवळच्या जोड्या इतरांनी आधीच वापरलेल्या असतात. 'हेवा म्हणजे मेणबत्ती' किंवा 'उशीर म्हणजे खोडरबर' ही जोडी कुणी लावून दिलेली नसते, त्यामुळे मुलाला स्वतःच विचार करावा लागतो. चिठ्ठी बदलायची मुभा एकदाच द्या, तीही पहिल्या पेटीतली. वस्तू बदलायची नाही, कारण तिच्यावर कालचे कष्ट झालेले आहेत.

आता फळ्यावर 'उपमेय' आणि 'उपमान' हे शब्द लिहा. पाच मिनिटं पुरतात. ज्या मुलाच्या हातात दोन चिठ्ठ्या आहेत त्याला कुठली कोणती हे लगेच कळतं.

चौथी तासिका : जुळतं, अडतं, माहीत नाही

सगळ्या क्रमातली मधली आणि कळीची तासिका हीच. शक्य असेल तर जोडतासिका घ्या.

वहीच्या पानाचे तीन रकाने : जुळतं, अडतं, माहीत नाही. ही विभागणी मी विज्ञानाच्या तत्त्वज्ञ मेरी हेस यांच्याकडून घेतली. १९६० च्या दशकात त्यांनी वैज्ञानिक प्रतिमानांबद्दल (मॉडेल्सबद्दल) असंच म्हटलं होतं : साम्य असणारे गुण, साम्य नसणारे गुण, आणि साम्य आहे की नाही हे अजून न कळलेले गुण. विज्ञान पुढे जातं ते या तिसऱ्या प्रकारामुळे.

मुलांना अडणं म्हणजे चूक वाटते, म्हणून आधी विज्ञानातलंच उदाहरण द्यावं. आपण 'विद्युतप्रवाह' म्हणतो. वीज तारेतून पाण्यासारखी वाहते, हे रूपक किती कामाचं आहे! जाड नळातून जास्त पाणी जातं, जाड तारेतून जास्त वीज जाऊ शकते. पण चालू नळ मधेच कापला तर पाणी सांडतं. तार कापली तर वीज सांडत नाही, प्रवाहच थांबतो. मग वीज पाण्यासारखी नाही का? आहे आणि नाही. का नाही, हे समजून घेताना वीज समजते.

आता जोडीकडे या. 'रुसवा म्हणजे कुलूप' ही जोडी फळ्यावर सगळ्यांनी मिळून सोडवावी, मग प्रत्येकाने आपापली. माझ्या वर्गात ती साधारण अशी सुटली :

जुळतं. दोन्ही दार अडवतात. दोन्ही लहान असून मोठी जागा बंद करतात. बंद करायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. रुसायला कोणी लागत नाही, रुसवा काढायला मात्र कोणीतरी लागतं. ('रुसवा काढणं' हा शब्द मुलांच्या तोंडून आपोआप आला. भाषा अशी मदत करते, फक्त तिला वाट करून द्यावी लागते.) फार दिवस राहिलं की गंजतं.

अडतं. कुलूप घराचं रक्षण करतं, रुसवा कशाचं करतो? कुलपाला उघडलं जावंसं वाटत नाही. रुसलेल्याला वाटतं. किल्ली कोणाच्याही हातात असली तरी कुलूप उघडतं, रुसवा एकाच माणसाने काढलेला चालतो. कुलूप लावणारा बाहेर असतो. रुसणारा आत.

माहीत नाही. कोणीच काढला नाही तर रुसव्याचं काय होतं? हरवलेल्या किल्लीचं? नुसतं अडकवलेलं कुलूप म्हणजे कोणता रुसवा?

या शेवटच्या प्रश्नाला वर्ग एकदम शांत झाला. नुसताच अडकवलेला, कोणी येऊन जरा ओढून पाहिला तर उघडेल असा रुसवा प्रत्येकाने कधी ना कधी केलेला होता.

मूल अडून बसलं तर उत्तर सुचवू नका, प्रश्न द्या. ही वस्तू कुठे ठेवतात? कोण वापरतं, कोणाला हात लावायची परवानगी नसते? जुनी झाली की तिचं काय होतं? तिचा आवाज कधी येतो? ती नसेल तर काय वापरतात? तेवढ्यानेही हललं नाही, तर त्याला वस्तू व्हायला सांगा : 'तू कुलूप आहेस, तुला काय दिसतं?' विल्यम गॉर्डन यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सिनेक्टिक्स पद्धतीत ही युक्ती आहे. ती त्यांनी नव्या कल्पना शोधणाऱ्या मोठ्या माणसांच्या गटांसाठी वापरली होती, पण मुलं ती त्यांच्यापेक्षा लवकर साधतात असं मला वाटतं.

तासिका संपताना प्रत्येकाने 'अडतं' किंवा 'माहीत नाही' यातल्या एकाच ओळीभोवती चौकट करायची. उद्या त्यावर लिहायचं आहे.

पाचवी तासिका : प्रसंग

चौकटीतली ओळ डोळ्यांसमोर ठेवून दहा-बारा वाक्यांचा एक प्रसंग. एक जागा, एक वेळ, दोन माणसं. भावनेचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही. दुसरं रूपक आणायचं नाही. वीस मिनिटं सलग लिहायचं, खोडायचं नाही. शुद्धलेखनाचं उद्या बघू.

'नुसतं अडकवलेलं कुलूप' या ओळीवर मीही मुलांबरोबर बसून लिहिलं. नमुना म्हणून देते :

'दार मी जोरात लोटलं होतं, पण कडी घातली नव्हती. ताई दोनदा दारावरून गेली. तिसऱ्यांदा तिची पावलं दाराशी थांबली. मी पटकन वही उघडून लिहीत असल्यासारखी बसले. पावलं निघून गेली. जरा वेळाने मी उठले आणि दार बोटभर उघडं ठेवलं, वाऱ्याने उघडलंय असं वाटेल इतकंच. परत येऊन तशीच बसले.'

यात कुलूप नाही आणि रुसवाही नाही, तरी दोन्ही आहेत. प्रत्येक मुलाने इतकं लपवायलाच हवं असं नाही. काहींना कुलूप शेवटपर्यंत समोर ठेवायचं असतं, आणि त्यातून चांगली कविता होते. त्यांना एकच सूचना द्या : एका ओळीत एकच तपशील, कालच्या यादीतला. ज्यांना गोष्ट लिहायची आहे त्यांनी आणखी एक करून पाहावं, लिहून झाल्यावर पहिलं वाक्य झाकावं. बहुतेक वेळा पहिलं वाक्य शिक्षकांसाठी लिहिलेलं असतं आणि लेखन दुसऱ्यापासून सुरू होतं.

सहावी तासिका : फेरलेखन

जोड्या करा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकून दोनच गोष्टी सांगायच्या : मला कुठे दिसलं, आणि कुठे निसटलं. 'छान आहे' म्हणायला बंदी.

मग प्रत्येकाने आपल्या लेखनातले 'जणू', 'जसं काही', 'म्हणजे' शोधून एकेक खोडून पाहायचे. वाक्य तरी उभं राहिलं तर खोडलेलंच बरं. रूपकांची भेसळ झाली असेल तर ती समजावून सांगण्यापेक्षा चित्र काढायला लावा. 'मनाच्या आकाशात रागाचा ज्वालामुखी उगवला' हे वाक्य लिहिणाऱ्या मुलाला मी काही बोलले नाही. आकाश, ज्वालामुखी आणि उगवणं एका चित्रात बसवताना त्याने आपणच एक गोष्ट ठेवली आणि दोन सोडल्या.

गुण द्यायचेच असतील तर रूपकांची संख्या मोजू नका. चौथ्या तासिकेतली चौकट आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवा आणि मूल तिथून इथवर किती चाललं ते बघा.

काही जपायच्या गोष्टी

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना त्या भाषेतली झोपलेली रूपकं पहिल्या तासिकेत फळ्यावर लिहायला सांगा, शब्दशः अर्थासकट. त्या भाषेत राग कुठे असतो, मन काय करतं, हे ऐकून सगळ्या वर्गाचे डोळे उघडतात, आणि एरवी मराठीत चाचपडणारं मूल त्या दिवशी शिकवणारं होतं.

'लंगडी सबब', 'आंधळा विश्वास', 'काळं मन' हीही झोपलेलीच रूपकं. ती यादीत आली तर पुसू नका आणि घाईने पुढेही जाऊ नका. हे कोणाला लागत असेल, असं विचारा. मुलं पर्याय सुचवतात, आणि ते पर्याय सहसा मूळ शब्दांपेक्षा नेमके असतात. माणसाला, विशेषतः वर्गातल्या कोणाला, वस्तू किंवा प्राणी ठरवायचं नाही हा नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका.

रूपकाच्या आडून मूल कधी खरं दुखणं लिहून जातं. ते मोठ्याने वाचायला लावू नये. वहीत शेरा न लिहिता नंतर एकटं असताना विचारावं. आणि काळजी करण्यासारखं काही असेल तर शाळेत ज्यांच्याकडे ती जबाबदारी आहे त्यांना त्याच दिवशी सांगावं.

दहा वर्षांखालच्या मुलांना यातलं फारसं शिकवायची गरज नाही. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर आणि एलन विनर यांनी लहान मुलांच्या बोलण्यातल्या रूपकांचा अभ्यास केला. शाळेपूर्वीच्या वयात मुलं सहज रूपकं करतात आणि नंतरची काही वर्षं शब्दशः अर्थाला चिकटून राहतात, असं त्यांना दिसलं. छोट्यांच्या वर्गात शिक्षकाने फक्त वही-पेन्सिल जवळ ठेवावी आणि ती जे बोलतात ते, दुरुस्त न करता, उतरवून घ्यावं.

सातव्या दिवशी

दोन्ही पेट्या रिकाम्या करून वर्गापुढे ठेवा. आता चिठ्ठ्या मुलांनी भरायच्या. माझ्या वर्गात एका चिठ्ठीवर 'शेजारच्या बाकावरची रिकामी जागा' असं लिहून आलं. ती वस्तूंच्या पेटीत टाकायची की दुसऱ्या, यावर पाऊण तास वाद झाला. जागेला हात लावता येतो असं काहींचं म्हणणं, जागेला येतो, रिकामी असण्याला नाही असं इतरांचं. शेवटी जिने ती लिहिली होती तिने तशीच आणखी एक चिठ्ठी लिहिली आणि दोन्ही पेट्यांत एकेक टाकली.